‘कोण आहे?’ : पुण्याच्या दारांचा इतिहास

(१) ८ फेब्रुवारी १८९९ ची रात्र. पुण्यातील सदाशिव पेठेत द्रविड बंधूंच्या दारी वेश पालटलेले दोन तरुण येतात. ‘ब्रुइनसाहेबांनी बोलावले आहे’ एवढाच निरोप. ब्रुइन म्हणजे रँड वधाचा तपास करणारे पोलीस अधिकारी. गणेश आणि रामचंद्र द्रविड निरोपामागोमाग घराबाहेर पडतात. थोड्याच अंतरावर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातात. दोघेही त्या जखमांनी मरण पावतात.

(२) निरोप आणणारे होते वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे. द्रविडांनी दिलेल्या माहितीवरून दामोदर चापेकर पकडले गेले होते आणि १८ एप्रिल १८९८ रोजी फासावर गेले होते. त्या सूडाची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिच्यातले दार मात्र सहसा कोणी पाहत नाही. द्रविडांचे दार फोडावे लागले नाही. एका नावाने ते उघडले.

(३) पुणे हे या दृष्टीने विलक्षण शहर आहे. साडेतीनशे वर्षांत येथील काही दारे अशा रीतीने उघडली की इतिहासाची दिशा बदलली, किंवा निदान शहराची झोप उडाली. त्या दारांची गोष्ट सलग पाहिली तर एक बाब पुन्हा पुन्हा समोर येते. दाराचे लाकूड क्वचितच हरले. हरली ती दाराआडची चौकशी.

(४) आरंभ लाल महालापासून. मे १६६० पासून शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन होता आणि शहाजीराजांच्या कुटुंबासाठी उभारलेल्या वाड्यातच त्याचा मुक्काम होता. भोवती मोठी फौज, चौक्या, पहारे. परवान्यावाचून मराठ्यांना शहरात येऊ देऊ नये असा हुकूम होता, असे खाफीखान लिहितो. म्हणजे संशय होता, बंदोबस्तही होता.

(५) ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज आणि त्यांचे निवडक लोक या बंदोबस्तातून आत आले. कसे, याविषयी दोन कथा आहेत. एकीत लग्नाच्या वरातीचा परवाना काढलेला आहे. दुसरीत चौकीवर हटकले असता उत्तर मिळते की आम्ही बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, नेमून दिलेल्या जागी चाललो आहोत. कोणतीही कथा खरी माना, सूत्र एकच : पहारेकऱ्याने प्रश्न विचारला होता. तो गाफील नव्हता.

(६) त्याची चूक वेगळी होती. उत्तर खरे की खोटे हे त्याने उत्तर देणाऱ्यावरूनच ठरवले. खानाच्या फौजेत दख्खनी शिपाई खरोखरच होते, त्यामुळे उत्तर शोभून दिसले. या शिपायांना कोणी नेमले, कोणत्या चौकीवर नेमले, हे दुसऱ्या कोणाला विचारून घेण्याची तसदी कोणी घेतली नाही. मराठी वाचकाला अर्थातच त्या पहारेकऱ्याचे उपकारच वाटतील. पण दाराचा अभ्यास करायचा तर काही काळ त्याच्या जागी उभे राहावे लागते.

(७) पुढचा भागही दाराचाच. रमजानचा महिना होता, मुदपाकखान्यात पहाटेच्या जेवणाची तयारी चालू होती. मुदपाकखाना आणि जनानखाना यांच्यामधले एक लहान दार विटा-मातीने बुजवलेले होते. तेच फोडून महाराजांचे लोक आत शिरले. खानाची बोटे तुटली, मुलगा मारला गेला. पुढे औरंगजेबाने त्याला बंगालच्या सुभ्यावर पाठवले. बुजवलेले दार म्हणजे भिंत नव्हे, हे त्या वाड्याची जडणघडण लहानपणापासून जाणणाऱ्याला ठाऊक होते.

(८) पेशवाईत पुणे वाढले, पेठा वसल्या, वाडे उभे राहिले. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. त्याचा दिल्ली दरवाजा आजही पाहता येतो. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले लांब टोकदार खिळे सगळ्यांच्या लक्षात राहतात. छायाचित्रे त्यांचीच निघतात. खरी युक्ती मात्र खिळ्यांत नाही, ती दरवाजाच्या फळीत कापलेल्या लहान दारात आहे. तिला दिंडी म्हणतात.

(९) मोठा दरवाजा रोज उघडायचा नसे. रोजची ये-जा दिंडीतून. आत येणाऱ्याला वाकावे लागे, उंच उंबऱ्यावरून एक पाय आत टाकावा लागे आणि तो आत पडण्याआधी डोके आत येई. दोन माणसे एकदम शिरू शकत नसत. हत्यार उपसून तर नाहीच. आतला माणूस ताठ उभा, बाहेरचा वाकलेला. तेवढ्या क्षणात चेहरा पाहून घ्यायचा.

(१०) साध्या गृहस्थाच्या वाड्यातही हीच रचना लहान प्रमाणात असे. दाराला कडी-कोयंडा, आतून भिंतीच्या खोबणीत सरकणारा लाकडी अडसर. आत गेल्यावर लगेच देवडी. मग चौक, ओसरी, सोपा आणि त्यापलीकडे माजघर. प्रत्येक आगंतुकाची आपापली हद्द ठरलेली. कोणी देवडीतूनच परत जाई, कोणाला ओसरीवर पाट मिळे, माजघरापर्यंत फक्त घरचे आणि घरच्यासारखे. घराला एक उंबरा नव्हता, तीन-चार होते. ‘आत घ्यावे की नाही’ हा प्रश्न एकदाच सोडवावा लागत नसे, तो टप्प्याटप्प्याने सुटे.

(११) ही हद्द नेहमी सुरक्षिततेसाठीच असे, असे समजणे भोळेपणाचे होईल. कोणाला देवडीबाहेर उभे ठेवायचे हे पुष्कळदा जात ठरवी. भीती आणि विटाळ एकाच उंबऱ्यावर बसलेले होते. जुन्या वाड्यांविषयी हळहळताना हे विसरता येत नाही.

(१२) दारावर येणाऱ्या अनोळखी लोकांची एक ओळखीची परंपराही होती. पहाटे वासुदेव आणि पिंगळा, एरवी पोतराज. आणि बहुरूपी! बहुरूप्याची गंमत अशी की तो अधिकाऱ्याच्या, शिपायाच्या थाटात येऊन दरडावतो, घरातल्यांची क्षणभर भंबेरी उडवतो आणि मग हसून पसा पुढे करतो. गावाला दारावरच्या सोंगाची इतकी जुनी ओळख आहे. फरक एवढाच की बहुरूपी शेवटी आपले सोंग उतरवतो.

(१३) आता ३० ऑगस्ट १७७३. पुण्यात गणेशोत्सवाचे दिवस. गादीवर अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे. चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत. गारद्यांमध्ये काही शिजते आहे अशी कुणकुण त्या सकाळीच नारायणरावांना लागली होती आणि त्यांनी हरिपंत फडके यांना बंदोबस्त करण्यास सांगितलेही होते. बंदोबस्त त्या दुपारपर्यंत झाला नाही.

(१४) गारदी आले ते पाच दरवाजांशी झुंजत नव्हे. ग्रँट डफच्या वृत्तांतानुसार, रघुनाथरावांच्या राहण्याच्या भागाकडे जाण्यासाठी वेगळी वाट करावी म्हणून एक दार आदल्याच दिवशी पाडलेले होते. ते अजून पुरे झालेले नव्हते. सुमेरसिंग, महंमद इसफ आणि त्यांचे लोक त्यातून आत घुसले आणि आत आल्यावर त्यांनी वाड्याचे बाकीचे दरवाजे ताब्यात घेतले. हत्ती अडवणारे ते खिळे आता बाहेरून येणारी मदत अडवू लागले.

(१५) शिवाय हे लोक परके नव्हते. वाड्याचेच पगारी शिपाई, थकलेल्या पगाराची तक्रार घेऊन आलेले. ‘काका, मला वाचवा’ ही हाक आणि ‘ध’ चा ‘मा’ या गोष्टी प्रत्येक मराठी मूल ऐकते. पण धन्याच्या अंगावर पडून प्राण देणारा चाफाजी टिळेकर हाही वाड्याचा नोकरच होता. एकाच छपराखालचे, एकाच खजिन्यातून पगार घेणारे दोन प्रकारचे लोक. देवडीवरच्या पहारेकऱ्याला त्यांच्यातला भेद चेहऱ्यावरून कळणे शक्य नव्हते.

(१६) पेशवाईच्या पुण्यात रात्रीची तोफ होई. तोफेनंतर परवान्यावाचून रस्त्यावर फिरण्यास बंदी होती. सापडलेला माणूस सकाळपर्यंत अटकेत राही. जणू सबंध शहराला एक अडसर लावला जाई. तो अडसर कोतवालाच्या हाती होता, आणि घाशीराम कोतवालाच्या काळात त्याचा जाच किती झाला हे १७९१ मध्ये त्याचा जो शेवट झाला त्यावरून कळते.

(१७) यानंतर मोठी उडी घेऊन १८९७ कडे यावे लागते. आता दाराबाहेर खुद्द सरकार उभे आहे. मुंबईतली प्लेगची साथ पुण्यात पसरली होती. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याकडे पुण्याच्या प्लेग बंदोबस्ताची सूत्रे आली. मार्चच्या मध्यापासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊ लागल्या.

(१८) साथ खरी होती, माणसे मरत होती आणि रोगी शोधून वेगळे करणे हा त्या काळी ज्ञात असलेला उपाय होता. हे मान्य करूनही त्या झडत्यांचे ओरखडे पुसले जात नाहीत. देवडी, ओसरी, माजघर, देवघर ही सारी उतरंड एका बुटाच्या ठोकरीने सपाट झाली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी तक्रारी छापल्या. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातील व्यवस्थेविरुद्ध जाहीर पत्र लिहिले.

(१९) गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी सैनिकांनी केलेल्या अत्याचारांचा आरोप तेथे प्रसिद्ध केला. मायदेशी परतल्यावर पुरावा मागितला गेला तेव्हा पत्रे लिहिणारे पुढे येईनात, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. घरात काय घडले हे बोलून दाखवण्यात अब्रूचे भय होते. दार जबरदस्तीने उघडले गेल्यावर घरातल्यांची तोंडे बंद झाली. गोखल्यांना त्या माफीचा सल पुढे पुष्कळ वर्षे राहिला.

(२०) २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. तो ३ जुलैला मरण पावला. आयर्स्ट हा दुसरा अधिकारी जागीच ठार झाला होता. मारेकऱ्यांचा पत्ता लावणाऱ्यास २०,००० रुपयांचे बक्षीस जाहीर झाले आणि तेथून धागा पुन्हा द्रविडांच्या दाराशी येतो.

(२१) ज्या शहराने दोन वर्षांपूर्वी सरकारी माणसाला ‘तुम्ही कोण?’ असे विचारण्याचा परिणाम पाहिला होता, तेथे ‘साहेबांनी बोलावले आहे’ या वाक्यापुढे कोण काय विचारणार? द्रविड तर पोलिसांच्या विश्वासातले, बोलावणे त्यांना नवे नव्हते. वासुदेव चापेकर आणि रानडे यांनी निवडलेले नाव म्हणूनच अचूक होते. १६६३ च्या चौकीवर जे झाले तेच येथे झाले : उत्तर शोभून दिसले. खुद्द ब्रुइनकडे विचारणा झाली असती तर खोटे उघडे पडले असते. ती झाली नाही.

(२२) विसाव्या शतकात दारच बदलले. डेक्कन जिमखान्याकडे बंगले झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठचे कितीतरी वाडे कोसळले आणि शहराबाहेर पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. पुढे ब्लॉक आले. नव्या घराचे दार उघडले की माणूस थेट बैठकीच्या खोलीत. देवडी गेली, ओसरी गेली. चार उंबऱ्यांचे काम एका उंबऱ्यावर आले.

(२३) आणखी एक बदल झाला, तो इतका लहान की कोणाच्या ध्यानात आला नाही. वाड्याच्या दारी आलेला माणूस हाक मारी. हाकेत आवाज असे, बोली असे, कोणाला बोलावले ते नाव असे. दारापाशी पोचण्याआधीच घरातल्यांना अर्धी ओळख पटे. विजेच्या घंटेला यातले काही नाही. टपालवाला, पाहुणा आणि घातकी माणूस यांची घंटा एकाच सुरात वाजते. त्यात मराठी माणसाचे दारावरचे ठरलेले उत्तर म्हणजे ‘मी!’. जगातले सर्वांत खरे आणि सर्वांत निरुपयोगी उत्तर.

(२४) १९७६ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस विजयानगर कॉलनीतील जोशी कुटुंबातील तिघांचे खून झाले. आई, वडील आणि मुलगा. नोव्हेंबरात शंकरशेठ रस्त्यावरील एका बंगल्यावर हल्ला झाला. तेथे घरमालक आणि नोकर यांनी प्रतिकार केल्याने हल्लेखोर पळाले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील अभ्यंकरांच्या बंगल्याची घंटा वाजली. घरातल्या तरुण नातवाने दार उघडले.

(२५) त्या घरातील पाच जण त्या रात्री मारले गेले. त्यांत महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचे पुत्र, संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे वयोवृद्ध पंडित काशीनाथशास्त्री होते, त्यांच्या पत्नी होत्या, नातू आणि नात होती, आणि घरकाम करणारी वृद्ध बाई होती. बातम्यांत तिचा उल्लेख शेवटी येई. पण मरणाने त्या घरात मालक आणि नोकर असा भेद केला नव्हता.

(२६) त्या हिवाळ्यात अंधार पडल्यावर पुण्याचे रस्ते ओस पडत, असे त्या काळच्या पुणेकरांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते. देशात आणीबाणी होती, सरकारचा वचक सर्वत्र होता, आणि तरी घरोघरी घंटेची भीती होती. मार्च १९७७ च्या अखेरीस आरोपी पकडले गेले तेव्हा शहराला दुसरा धक्का बसला. ते पुण्यातच कलाशिक्षण घेणारे विद्यार्थी निघाले. पहिला बळी त्यांचाच सहाध्यायी होता, शेवटचा एका मित्राचा धाकटा भाऊ. १९७८ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघे फासावर गेले.

(२७) लोकांच्या मनातला दरोडेखोर परगावचा, आडदांड, रात्री-अपरात्री येणारा. हे मात्र सुशिक्षित दिसणारे विशी-बाविशीतले तरुण, आणि वेळ संध्याकाळनंतरची, शेजारीपाजारी जागे असण्याची. त्या नातवाने दार उघडले यात त्याचा दोष शोधणे क्रूरपणाचे आहे. सुसंस्कृत घराने त्या वयाच्या मुलासाठी दार उघडायचेच असते. संशय नेहमी चेहऱ्याचा घेतला जातो, आणि चेहरा निर्दोष होता.

(२८) पुढच्या काळात दारांवर साखळी आणि भिंग ही जोडी रूढ झाली. बारकाईने पाहिले तर ही दिंडीचीच नवी आवृत्ती. पाहता यावे पण शिरता येऊ नये, हाच हेतू. तिची मर्यादाही आहे. साखळीचे स्क्रू आखूड असले आणि नुसत्या पट्टीत बसवलेले असले तर एका धक्क्यात उपटून येतात. ते चौकटीच्या लाकडात खोल हवेत. तरीही साखळी काही क्षणच देते. म्हणून आधी बंद दाराआडून विचारणा आणि भिंगातून पाहणे, मग हवी तर साखळी.

(२९) आणि विचारणा कशी, याचे उत्तर ब्रुइनच्या नावात दडलेले आहे. ‘गॅस कंपनीतून आलो’, ‘बँकेने पाठवले’, ‘पोलीस ठाण्यातून’ असे दारावरचा माणूस सांगत असेल, तर त्याच्याच ओळखपत्रावरील क्रमांकावर फोन करणे म्हणजे चोरालाच साक्षीला बोलावणे. क्रमांक आपल्या बिलावरून, पासबुकावरून, आपल्याकडच्या नोंदीवरून घ्यायचा. तोवर दार बंद. खऱ्या माणसाला दोन मिनिटे थांबण्यात अपमान वाटत नाही. ज्याला फार घाई असते, दरडावणी ज्याच्या तोंडी असते, त्याच्यासाठी तर कडी आणखी घट्ट हवी. घरात एकटे असल्यास ते दाराबाहेर कळू देण्याचेही कारण नाही. ‘बाबा, कोणीतरी आले आहे’ अशी रिकाम्या खोलीला मारलेली हाक हे खोटे असले तरी क्षम्य आहे.

(३०) दाराबाहेर खरेच सरकार असेल तर? १८९७ मध्ये या प्रश्नाला उत्तर नव्हते. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात ते दिले. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट वाचता येईल अशी पट्टी हवी. अटकेची लेखी नोंद व्हावी, तिच्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष असावी, वेळ आणि तारीख असावी. भिंगातून पट्टी वाचणे, नाव टिपून घेणे, ठाण्यात फोन करून खातरजमा करणे यात उद्धटपणा नाही. सदाशिव पेठेत त्या रात्री निरोप घेऊन आलेल्या दोघांच्या छातीवर अशी पट्टी नव्हती, आणि ती पाहायला मागावी हे प्लेगच्या झडत्या भोगलेल्या पुण्यात कोणाच्या मनातही येण्यासारखे नव्हते.